मदत हवी आहे: गुहागर ते गणपतीपुळे समुद्रकाठानं पायी जायचंय, वाट कशी आहे?

केळीबाग (चोपडा)

नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा-अमळनेर भागातले बारा-पंधरा जण. दर चैत्रात वणीला पायी जाणारी टोळी आहे, त्यामुळे चालण्याची धास्ती कोणालाच नाही. चैत्राच्या उन्हात डांबरी रस्ता तुडवत सप्तशृंगीगड गाठणाऱ्या माणसाला पायांचं कौतुक काय सांगायचं! यंदा टूम निघाली की कोकणात समुद्राच्या काठाकाठानं, गावं घेत घेत जायचं. शक्यतो गाडीरस्ता टाळून. नकाशा बघून मार्ग काढलाय तो असा: गुहागर, असगोली, पालशेत, बुधल, वेळणेश्वर, हेदवी, रोहिले, तवसाळ, तिथून फेरीबोटीनं जयगड आणि मग मालगुंडवरून गणपतीपुळे.

आता अडलंय कुठे ते सांगतो. उपग्रहाच्या चित्रात गावापुढे वाळू दिसते, मग काळा खडक समुद्रात घुसलेला, त्याच्या पलीकडे पुन्हा वाळू आणि पुढचं गाव. त्या काळ्या पट्ट्यातून माणूस जातो का? खालून पाण्याच्या कडेनं जायचं, की वर चढून पलीकडे उतरायचं? मोबाइलमधला नकाशा आम्हाला सारखा मोठ्या रस्त्यावर नेऊन घालतो.

दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. आमच्याकडे नदीला पाणी वाढतं ते हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की, आणि तेही काठच्या गावांना आधी इशारा देऊन. इथे रोज, न सांगता, दोनदा. टोळीतले दोघे-तिघे विहिरीत पोहणारे आहेत, समुद्रात कोणीच उतरलेलं नाही. आणि बरोबर एक मावशी आहेत, साठी उलटलेल्या. वणीला अनवाणीच जातात आणि इथेही अनवाणीच चालणार म्हणतात.

सवड माघात आहे. तोवर कापूस आवरलेला असतो आणि गहू काढायला अवकाश असतो. मुक्कामाला हॉटेल नको, घरगुती किंवा देवळाची पडवी चालेल. निम्मे माळकरी आहेत. ज्यांना वाट ठाऊक आहे त्यांनी कृपया सांगावं.

चाक आणि वारा

भाऊ, सागरी मार्ग आहे, एसटी आहे, टेम्पो ट्रॅव्हलर मिळते. एवढ्या लांबून येऊन चालायचंच कशाला? जागोजागी उतरा, फोटो काढा, मासे खा.

केळीबाग (चोपडा)

माळकरी म्हटलंय हो वर. 😀

सड्यावरचा

मी गुहागर तालुक्यातलाच. सलग किनारवाट अशी एक नाही, हे आधी डोक्यात घ्या. तुम्ही ज्याला काळा पट्टा म्हणताय ती डोंगराची समुद्रात गेलेली टोकं आहेत. काहींच्या पायथ्याशी ओहोटीत खडक उघडा पडतो आणि गरी टाकणारी, कालवं काढणारी माणसं तिथून जातात. पण ती त्यांची रोजची जागा. काही टोकांना कडा थेट पाण्यात आहे, तिथे ओहोटी असो नाहीतर काही असो, वाट नाहीच. खालून जायचा हट्ट सोडा. गावातून पाखाडी धरायची, वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळ-पठारावर, यायचं, सडा ओलांडायचा आणि पुढच्या गावच्या पाखाडीनं उतरायचं. पूर्वी सगळं गाव असंच ये-जा करायचं.

पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंना गडगे म्हणजे दगडी कुंपणं, वर आंब्या-फणसाची सावली. चढ असला तरी सुखाचा. सड्यावर मात्र सावलीच्या नावानं शून्य. माघात गवत वाळून सोनेरी झालेलं, खाली उघडा कातळ, आणि पायवाटा दहा दिशांना फुटलेल्या. त्यातल्या निम्म्या गुरांच्या. मध्येच चिरेखाण लागते. जुन्या बंद खाणींच्या कडांना कठडा नसतो, म्हणून अंधारात सडा चालू नका. समुद्र उजव्या हाताला ठेवा म्हणजे चुकणार नाही.

पाणी गावातच भरून घ्या. पावसाळ्यात सड्यावरून धो-धो वाहणारे वहाळ माघापर्यंत कोरडे पडतात.

आंब्याच्या बागा हा वेगळा विषय. मोहोर आणि कैरी धरायचे दिवस, बागेत राखणदार असतो, बहुतेक नेपाळी, आणि त्याच्याबरोबर कुत्री. बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, उघडून आत शिरू नका. बाहेरून हाक मारा, तो स्वतः येऊन वाट दाखवतो. पंधरा अनोळखी माणसं गडग्यावरून उड्या मारताना दिसली तर त्याच्या जागी मीही कुत्री सोडेन.

हेदवीला बामणघळ बघाल. काळ्या खडकातली अरुंद भेग, भरतीला लाट आत शिरून वर उसळते. कडेला उभं राहून खाली डोकावायचं नाही, खडक कायम ओला असतो. आणि कुठल्याही किनाऱ्यावर गुडघ्याच्या वर पाण्यात नाही. विहिरीतलं पोहणं इथे कामाचं नाही, परतणारी लाट पायाखालची वाळू ओढते.

खाडीपलीकडची

जयगड बाजूनं लिहिते. भरतीचं गणित सोपं आहे, आमचे आजोबा कॅलेंडर बघून तोंडी सांगायचे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं, अमावास्येला पौर्णिमेसारखंच. त्या वेळेत साधारण सव्वासहा तास मिळवले किंवा वजा केले की पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. दिवसाला पाऊण-एक तास पुढे सरकतं. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरा आणि छापील तक्ता किंवा मोबाइलवर पडताळून घ्या, पण एवढ्यावर बेत आखता येतो.

आता तुमच्यासाठी. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, पाणी फार आत जातच नाही आणि सुकती येते ऐन दुपारी बारा-साडेबाराला. ते नको. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, सुकती पहाटे पाचला, म्हणजे अंधारात. तुम्हाला हवी तृतीया ते पंचमी. तृतीयेला सुकती सकाळी साडेआठला, पंचमीला दहाच्या आत-बाहेर. पाणी बरंच आत गेलेलं असतं आणि ऊनही चढलेलं नसतं. ज्या टोकाला गावकरी ‘खालून जाता येतं’ म्हणतील तिथे सुकतीच्या दोन तास आधी शिरायचं आणि सुकती व्हायच्या आत पलीकडच्या वाळूवर पाय टेकायचा. पाणी उतरत असताना चालायचं, चढायला लागल्यावर नाही. अडकलात तर वर चढायला जागा नसते.

माघ शुद्ध चतुर्थी मात्र टाळा, गणेशजयंती. हेदवीचा दशभुजा गणपती आणि गणपतीपुळे दोन्हीकडे गर्दी, राहायला जागा मिळणार नाही. वद्य तृतीया-चतुर्थी-पंचमी बघा. संकष्टीला पुळ्याला थोडी गर्दी होईल, पण तोवर तुम्ही पालशेत-वेळणेश्वर भागातच असाल. महाशिवरात्र त्याच पक्षाच्या शेवटी येते, त्या आधी वेळणेश्वर सोडलेलं बरं.

पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, टोकाला जिथे खाडी समुद्राला मिळते तिथे सरळ पाण्यातून जाऊ नका, वरून वाळू दिसते आणि खाली चिखल असतो. गावात शिरून साकवानं किंवा पुलानं जा. तवसाळ-जयगड फेरीबोट गाड्यांबरोबर पायी माणसंही घेते.

जयगडहून लगेच पुढे पळू नका. किल्ला आणि दीपगृह बघा. पुढे नांदिवड्याजवळ कऱ्हाटेश्वराचं देऊळ आहे, अगदी समुद्राच्या तोंडावर. खाली पायऱ्या उतरलात की गोमुखातून गोडं पाणी येतं, हाताच्या अंतरावर खारा समुद्र असताना. पाण्याच्या बाटल्या तिथे भरा. मालगुंड हे केशवसुतांचं गाव, तिथून पुळं अगदी जवळ.

धुळ्याचा, मुक्काम रत्नागिरी

जय खान्देश! नोकरीमुळे इकडे आहे म्हणून दोन गोष्टी घरच्यासारख्या सांगतो. परतीला रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेस धरा, ती थेट जळगाव-भुसावळला सोडते, मध्ये बदलाबदली नाही. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला आरे-वारेच्या किनारी रस्त्यानं एसटी किंवा वडाप मिळतं. जाताना चिपळूणला उतरून गुहागरची एसटी धरा. माणसं जास्त आहेत, आरक्षण आधी करा.

ऊन आपल्यासारखं भाजणारं नाही, पण घाम वाळत नाही. आपल्याकडे ४४-४५ मध्ये चालणारा माणूस इथे ३३ ला गळून जातो. उजाडताच निघा, अकराला थांबा, चारनंतर पुन्हा. मीठ-साखर-लिंबू प्रत्येकाच्या पिशवीत हवं.

जेवणाची चिंता नको. घरगुती खानावळीत आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की शाकाहारी मिळतं: भात, आमटी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. तिखट कमी पडणार हे धरून चाला. ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच न्या. दशम्या दोन-तीन दिवस टिकतील, मात्र बिबड्या (ज्वारीचे पापड) उघड्या ठेवल्या तर या हवेत तासाभरात मऊ.

केळीबाग (चोपडा)

सगळ्यांचे आभार. पाऊणपटीचं गणित इथल्या पारावर सांगितलं तर लगेच तीन जणांनी कॅलेंडर काढलं. वद्य तृतीया पक्की करतो आणि खालून जायचा नाद सोडतो.

राहिलं मावशींचं. त्या म्हणतात, ‘डांबरवर चालनू, वाळूवर काय व्हई?’ कोणी स्पष्ट सांगा, म्हणजे त्यांना वाचून दाखवतो.

सड्यावरचा

मावशी, वाळूवर खुशाल अनवाणी चाला, पायाला बरं वाटेल. पण खडकावर कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. मांस काढून नेलं की उरलेलं शिंपलं तर आणखी वाईट, आणि ते शेवाळाखाली दिसत नाही. खाऱ्या पाण्यात कापलं की चालायची गोष्टच सोडा. सड्याचा जांभाही खरबरीत आणि दुपारी तापलेला असतो. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल घ्या, नव्या कोऱ्या नकोत, घरी महिनाभर वापरलेल्या. देवळापुढे काढायलाही सोप्या.

खाडीपलीकडची

आणि मावशींना सांगा, कऱ्हाटेश्वराच्या पायऱ्या तेवढ्या अनवाणी उतरा. मुक्कामासाठी व्यक्तिगत निरोप करते, पालशेत आणि हेदवीत दोन घरं माहितीची आहेत. पंधरा जण एका घरात मावणार नाहीत, आठ-सात अशी वाटणी करून ठेवा आणि नक्की आकडा कळवा.