अंगकोरला गाइड घ्यावा का?

मोबाइलवर सगळी माहिती मिळत असताना परदेशात स्थानिक गाइडवर पैसे कशाला घालवायचे, हे मत मला सरसकट पटत नाही, कारण उत्तर त्या त्या ठिकाणावर अवलंबून असते. कंबोडियातील अंगकोर वाटचेच पाहा. बाराव्या शतकात तिथल्या दुसऱ्या सूर्यवर्मा राजाने बांधलेल्या या विष्णुमंदिराच्या पश्चिमेकडील भिंतीवर कुरुक्षेत्राचे युद्ध कोरले आहे. त्यात शरपंजरी पडलेले भीष्म आपल्याकडच्या माणसाला कोणी दाखवावे लागत नाहीत, आणि पूर्वेकडचे समुद्रमंथनही लगेच ओळखता येते.

दक्षिणेकडच्या भिंतीवर मात्र आपली ही पुण्याई संपते. तिथे स्वतः सूर्यवर्म्याची मिरवणूक आहे, सेनानींजवळ ख्मेर या तिथल्या भाषेतील बारीक लेख आहेत, आणि सरदारांचा दर्जा त्यांच्यावर धरलेल्या छत्र्यांच्या संख्येवरून ओळखायचा असतो, हे जाणकाराने सांगितल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही. अंगकोरमधल्याच बायोन मंदिराच्या भिंतींवर कोरलेले बाजार, कोंबड्यांच्या झुंजी आणि शेजारच्या चंपा राज्यातील चाम सैन्याशी झालेली नौकायुद्धे यांचेही तसेच आहे.

म्हणून अंगकोरची मंदिरे पाहण्याचे तीन दिवसांचे तिकीट काढणार असाल, तर पहिल्या दिवशी परवानाधारक गाइड जरूर घ्यावा आणि उरलेले दोन दिवस स्वतःच्या सवडीने फिरावे. मानधन, वेळ आणि पाहायची मंदिरे आधीच ठरवून घ्यावीत, आणि दुकानांमध्ये न्यायचे नाही, हेही स्पष्ट सांगावे.