एमबीए एचआर फ्रेशर : चाकणच्या प्लँटमध्ये मुलाखतीला नेमकं काय लागतं?

नागपूरकर_एचआर : शेवटचं सेमिस्टर चालू आहे. पुण्याजवळच्या चाकण-रांजणगाव औद्योगिक पट्ट्यात एचआर एक्झिक्युटिव्हसाठी अर्ज टाकतोय. जाहिरातीत सगळीकडे ‘उत्तम संवादकौशल्य’ एवढंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात हाताला काय काय यायला हवं?

पेरोलवाला : संवादकौशल्य राहू द्या बाजूला, आधी पगार काढता यायला हवा. समजा पुरुष कामगार, बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 14,000, बाकी भत्ता नाही. पीएफ 12 टक्के म्हणजे 1,680, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) 0.75 टक्के म्हणजे 105, व्यवसाय कर 200. हातात 12,015. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 कापतात, तिथे बरेच जण अडकतात. कंपनीचा पीएफही 1,680च, पण त्यातले 1,166 पेन्शन खात्यात जातात आणि 514 पीएफमध्ये. शिवाय ईएसआयसीचे 3.25 टक्के, म्हणजे 455. दोन्ही चलनं पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत.

हमखास विचारतात तो प्रश्न : जुलैत पगार ईएसआयसीच्या 21,000च्या मर्यादेवर गेला, कपात लगेच बंद करायची का? नाही. सप्टेंबरअखेरपर्यंत कापत राहायची, कारण वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. मध्येच थांबवली तर कामगाराच्या उपचाराच्या हक्काचाच घोळ होतो.

मस्टर_ते_पगारपत्रक : वरचं बरोबर, पण ते गणित सॉफ्टवेअर करतं. चुका होतात त्या सॉफ्टवेअरमध्ये जाणाऱ्या माहितीत. बायोमेट्रिकच्या फाइलमध्ये एम्प्लॉयी कोड 00417 असा टेक्स्ट असतो, पगाराच्या शीटमध्ये नुसता 417. कोडवरून माहिती शोधणारा एक्सेलचा व्हीलुकअप लावला की एरर येते, मग कुणीतरी तिथे शून्य भरतं आणि माणसाची हजेरीच उडते. दोन्ही कॉलम आधी एकाच स्वरूपात आणा, मग पिव्हट (एक्सेलचा गोषवारा तक्ता) लावून एकूण हजेरी ताडून बघा. जॉइनिंगला जुना यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) मागायला विसरू नका. एकाच माणसाचे दोन यूएएन झाले की पीएफ ट्रान्सफर रखडतो. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच भरा, पॅनवर वेगळी असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्यायला सांगा.

नागपूरकर_एचआर : आणि भरतीचं काम मिळालं तर?

पेरोलवाला : फोनवर चारच गोष्टी पक्क्या करा : सध्याचा पगार, अपेक्षा, नोटिस पीरियड, शिफ्टला तयारी. शिफ्टचं विचारायचं राहतं आणि ऑफर दिल्यावर उमेदवार गळतो. बाकी पॉश कायदा (कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा) वाचून जा : दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, चौकशी 90 दिवसांत.