फोर बाय टू झेनॉन पिकअप थोडी उंच करायची आहे, बजेट २५ हजार. मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. गाड्यांवरचे धागे नेहमी वाचतो, स्वतः धागा काढतोय पहिल्यांदाच. सांभाळून घ्या.

गाडी टाटा झेनॉन एक्सटी, डबल कॅबिन, फोर बाय टू, २०१३ चं मॉडेल, सेकंड हँड घेतलेली. पांढरी पाटी आहे. राहायला धायरीत, शेत वेल्ह्याच्या पुढे. नसरापूरहून वेल्ह्यापर्यंत डांबरी आहे, तिथपर्यंत काही तक्रार नाही. डांबर सोडलं की गंमत सुरू. शेताकडे जाणारी पाणंद आहे, किलोमीटरभरही नसेल. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना चाकोऱ्या खोल गेल्यात आणि मधे गवताचा उंचवटा राहिलाय. त्यावर गाडी खालून घासते. हौद्यात खताची पोती असली की मागूनही बसते. शेवटी एक चढ आहे, तांबड्या मातीचा. पाऊस पडला की तिथे मागची चाकं जागच्या जागी फिरत राहतात.

एका गॅरेजमध्ये विचारलं तर म्हणाले, मागे ॲक्सल आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मधे लोखंडी ठोकळे टाकू, पुढे टॉर्शन बारला (स्प्रिंगचं काम करणाऱ्या लांब दांडीला) पीळ देऊ, तीन इंच उचलून देतो. दुसऱ्याने मागचे शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या पट्ट्या, लांब करायला सांगितलं. तिसरा म्हणाला, विका आणि फोर बाय फोर घ्या. ते मलाही सुचलं होतं, फक्त पैसे सुचले नाहीत.

विचारायचंय ते एवढंच: ठोकळे, शॅकल की जादा पाटा? तीन इंच जास्त होतात का? टायर आत्ता २३५/७० आर १६ आहेत, ते बदलावेत का? आणि आरटीओची काही भानगड?

– पाणंदवाला

---

खवचट_सदाशिव: रस्ता खाली गेलाय म्हणून गाडी वर न्यायची, ही पुणे महापालिकेचीच पद्धत झाली. ते दर वर्षी डांबराचा थर चढवतात, तुम्ही ठोकळे चढवा. चालू द्या.

कमानपाटे: पाणंदवाला, खर्चाचं बोलण्याआधी एक काम करा. गाडी सपाट जागेवर उभी करून खाली टॉर्च घेऊन झोपा आणि नेमकं काय घासलंय ते बघून इथे लिहा. पुढचा क्रॉसमेंबर, इंजिनाचा चेंबर, सायलेन्सर, की मागचा डिफरन्शियलचा गोळा? यावर सगळं अवलंबून आहे.

कारण असं. मागे सलग ॲक्सल आहे. ठोकळे टाका, पाटा वाढवा, शॅकल लांब करा, काहीही केलं तरी वर जाते ती चॅसी. डिफरन्शियल चाकांच्या मधोमध आहे तिथेच राहतो, तो एक मिलिमीटरही हलत नाही. त्याला वर न्यायचा एकच मार्ग, मोठा टायर, आणि त्यातही टायरच्या व्यासात जेवढी वाढ त्याच्या निम्मीच मिळते. २३५/७० आर १६ चा व्यास साधारण ७३५ मिमी. २४५/७५ आर १६ टाकलात तर ७७४. म्हणजे गोळा वर जाणार १९ मिमी. तेवढ्यासाठी चार नवे टायर घेतले तर तुमचं बजेट टायरवाल्याकडेच संपलं.

पाणंदवाला: झोपून बघितलं. पुढच्या क्रॉसमेंबरच्या खालच्या कडेला रंग उडून लोखंड चकचकीत झालंय. सायलेन्सरच्या वाकाला गवत आणि चिखल चिकटलाय, जरा चेपलाही आहे. डिफरन्शियलवर फक्त धूळ, एकही ओरखडा नाही. आणि एक विचित्र दिसलं. मागचे पाटे जवळजवळ सरळ आहेत. कमान अशी दिसतच नाही. गाडी रिकामी असताना.

कमानपाटे: मग अर्धं उत्तर तिथेच मिळालं. पाटे बसलेत. रिकाम्या गाडीत कमान दिसली पाहिजे, पोती टाकल्यावर ती सरळ व्हायला हवी. तुमची आधीच सरळ, म्हणजे ओझं पडल्यावर उलटी वाकणार. पुढे टॉर्शन बारही इतक्या वर्षांत थोडे सैल पडतात. तुम्हाला गाडी उंच करायची गरज कितपत आहे ते नंतर बघू, आधी ती कंपनीतून निघाली त्या उंचीला आणा. त्यातच इंच-सव्वा इंच निघायला हरकत नाही.

मागे पाटे उतरवून कमान देऊन घ्या. शहरात पाट्यांचं काम करणारी वर्कशॉप आहेत, ट्रकवाल्यांना विचारा, ते बरोबर पत्ता देतील. फक्त तिथे एक गोष्ट नीट विचारा: नुसतं थंड ठोकून कमान देणार, की तापवून पाणीही देणार, म्हणजे पोलाद पुन्हा कडक करणार? थंड ठोकलेला पाटा काही महिन्यांत पुन्हा बसतो. तापवला आणि पाणी नीट दिलं नाही तर मोडतो, तोही शक्यतो ओझं असताना आणि घाटात. खात्री वाटली नाही तर मुख्य पाटा नवाच घ्या. नाना पेठेत चौकशी करा, मिळून जाईल. वर एक जादा पाटा टाकला तर तुमच्या पोत्यांना आधार होईल, पण रिकामी गाडी मागून उडेल. घरच्यांना मागच्या सीटवर बसवत असाल तर आधी त्यांना विचारा.

ठोकळे मला आवडत नाहीत. ॲक्सल पाट्यापासून जितका लांब, तितका गाडी वेग घेताना त्याला पीळ जास्त बसतो, पाटा इंग्रजी एसच्या आकारात मुरडतो. इंचभराचा एकसंध ठोकळा चालून जाईल. एकावर एक दोन ठोकळे रचून कोणी देत असेल तर गाडी घेऊन निघून या. शॅकलचं म्हणाल तर ते दोन इंच लांब केले की गाडी एक इंच उठते, आणि वळणावर मागून झुलायला लागते. यातलं काहीही करा, पाटा ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे घ्या. जुने ताणलेले असतात, ते परत तेवढे आवळले जात नाहीत.

भोसरी_टूलरूम: पुढच्या बाजूबद्दल लिहितो. टॉर्शन बारला पीळ देणं हे फुकटचं काम आहे, म्हणूनच लोक ते नको तेवढं करतात. बारच्या मागच्या टोकाला ॲडजस्टिंग बोल्ट असतो. आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं माप टेपने घ्या आणि लिहून ठेवा. बोल्टचे किती आटे बाहेर आहेत तेही मोजा, म्हणजे परत यायचं झालं तर वाट माहीत असेल. मग पुढची चाकं उचलून, स्टँडवर ठेवून बोल्ट फिरवा. ओझं असताना फिरवला तर आटे जातील. खाली उतरवा, गाडी चार पावलं पुढे-मागे ढकला, मगच पुन्हा माप घ्या. उतरवल्या उतरवल्या घेतलेलं माप खोटं येतं, कारण टायर जमिनीला धरून राहतो.

२५ ते ३० मिमीच्या पुढे जाऊ नका. पीळ दिल्याने चाकाचा एकूण प्रवास वाढत नाही, फक्त वाटणी बदलते. जेवढी गाडी वर, तेवढी चाकाला खाली जायला जागा कमी. तीन इंच उचलली तर वरचा आर्म कायम रबरी स्टॉपरला टेकलेला राहील, प्रत्येक खड्ड्यात ठक्क ऐकू येईल आणि बॉल जॉइंट तिरके काम करून लवकर जातील. तुमची टू-व्हील ड्राइव्ह असल्याचा इथे एक फायदा आहे, पुढे ड्राइव्ह शाफ्टच नाहीत, त्यामुळे त्यांचे कोन बिघडायचा प्रश्न येत नाही. नंतर व्हील अलाइनमेंट सक्तीची. कँबर आणि कॅस्टर (चाक आणि स्टिअरिंगचे कल) दोन्ही हलतात, फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती) बघून 'झालं साहेब' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. हेडलाइटही खाली करून घ्या. समोरच्याचे डोळे फोडत वरंध्यात कोणी फिरू नये.

आणि हे कोणी लिहिलं नाही म्हणून: मागच्या ॲक्सलवरून एक बारीक लोखंडी दांडी वर चॅसीवरच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हला गेली आहे का बघा. बऱ्याच पिकअपना असते. मागे ओझं किती आहे ते तो व्हॉल्व्ह त्या दांडीवरून ओळखतो आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला दाब देतो. गाडी मागून उचलली की त्याला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि भरल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. दांडी असेल तर तिची जागा नव्या उंचीप्रमाणे लावून घ्यायलाच हवी. गॅरेजवाले हे विसरतात. विसरतात म्हणजे बहुतेकांना माहीतच नसतं.

संगमपूल: आरटीओचा प्रश्न. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, नोंदणी पुस्तकातला तपशील मूळ कंपनीच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर टेप घेऊन कोणी उभं नसतं हे खरं, पण अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर टेप घेऊनच येतो. बसलेले पाटे बदलून गाडी मूळ उंचीला आणणं ही दुरुस्ती आहे. तीन इंचाचे ठोकळे हा बदल. शिवाय गाडी २०१३ ची, १५ वर्षं भरल्यावर पुनर्नोंदणीसाठी तपासणीला न्यावी लागेलच. तेव्हा खालून काय दिसणार याचा आत्ताच विचार करा.

खवचट_सदाशिव: आता गंभीरपणे. चढावर चाकं फिरतात त्याचा उंचीशी काडीचाही संबंध नाही. रिकाम्या पिकअपचं वजन सगळं पुढे, ढकलणारी चाकं मागे. गाडी सहा इंच उचललीत तरी ती चिखलात तशीच फिरतील, फक्त उंचावरून फिरतील. वाळूची चार पोती ॲक्सलच्या बरोबर वर किंवा जरा पुढे बांधून ठेवा, हौद्याच्या मागच्या फाळक्याशी नको. पाणंदीच्या तोंडाशी मागच्या टायरची हवा २०-२२ पर्यंत उतरवा, हळू चालवा, परत येताना डांबराला लागायच्या आत भरा. बारा व्होल्टचा छोटा पंप घेऊन ठेवा. भरल्या गाडीत हवा उतरवायची नाही.

मागे दोन ऑल टेरेन टायर हवे असतील तर जुन्यात बघा. नव्या थारच्या खालच्या व्हेरिएंटला २४५/७५ आर १६ येतो, आणि गाडी घरी येताच तो काढून त्याहून रुंद काहीतरी लावणारे हौशी पुण्यात कमी नाहीत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात ते वाचा. ३२२२ म्हणजे २०२२ चा ३२ वा आठवडा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, तुमच्या आत्ताच्या टायरपेक्षा कमी नको. स्टिअरिंग पूर्ण वळवून घासतं का तेही बघायला लागेल, पण ते पुढे लावलेत तरच. आणि मागे ते लावले की स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवेल, साठ दिसेल तेव्हा त्रेसष्ट असेल.

पाणंदवाला: सगळ्यांचे मनापासून आभार. ती दांडी आहे! रबरी बुशसकट गंजलेली, पण आहे.

ठरवलंय असं: मागे कमान आणि मुख्य पाटा नवा, जादा पाटा तूर्त नाही. यू-बोल्ट नवे. पुढे २५ मिमी पीळ, मग अलाइनमेंट. ठोकळेवाल्याला नाही म्हणून कळवलं, तो म्हणाला 'मग काय मजा'. टायर दिवाळीनंतर.

सायलेन्सरचा वाक मात्र वर घ्यावा की त्याखाली पत्रा ठोकावा?

कमानपाटे: पत्रा ठोकू नका, गवत त्यात अडकून वाळतं आणि गरम सायलेन्सरवर पेटू शकतं. हँगरची रबरं बदला, जुनी लोंबकळली असतील तर तिथेच बोटभर मिळेल.

आणि जमलं तर या उन्हाळ्यात शेजारच्या बांधकऱ्यांना गोळा करून चाकोऱ्यांत दोन-चार ब्रास मुरूम टाकून घ्या. रॉयल्टीची पावती असलेलाच मागवा. पाणंद गावनकाशावर असेल तर ग्रामपंचायतीत पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेचंही विचारा. चाकोरी चार इंच भरली की चारी चाकं चार इंच वर, डिफरन्शियलसकट, आणि कलम ५२ चा प्रश्नच नाही.

यू-बोल्ट बसवल्यावर दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क लावून आवळून घ्या. पाटे तोवर जागेवर बसतात आणि बोल्ट ढिले होतात.

पाणंदवाला: शेजारचे बांधकरी म्हणजे माझे सख्खे चुलते. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे वेगळा धागा काढावा लागेल.