जुन्या ऑइल इंजिनवाल्यांचे फेसबुक ग्रुप कसे शोधायचे?

उसाचा_फड: राम राम मंडळी, आमच्या आजोबांचं लिस्टर या विलायती कंपनीचं इंजिन रानात विहिरीवर पडून आहे, लाईटची मोटर बसल्यापासून कुणी हात लावला नाही, आता ते चालू करायचं डोक्यात बसलंय. फ्लायव्हील फिरतंय पण कॉम्प्रेशन नाही, आत हवाच दाबली जात नाही. फेसबुकवर असल्या नादाचे ग्रुप असतात म्हणे, पण ऑइल इंजिन टाकलं की इंजिन ऑइल विकणारेच येतात आणि कोल्हापूर टाकलं की प्लॉट, स्थळं नाहीतर तांबडा-पांढरा.

पेठेतला_पोरगा: उद्यमनगरात जा की भावा, फेसबुक कशाला 😀

उसाचा_फड: दोन मिस्त्री झाले, दोघंही म्हणतात भंगारात घाला.

लेथवाला: चूक शब्दात आहे. आपण ऑइल इंजिन म्हणतो, बाहेरचे नादिष्ट त्याला 'स्टेशनरी इंजिन' म्हणतात. इंग्लिश स्पेलिंगनं टाक, वर 'ग्रुप्स'वर दाब, नाहीतर पेज न् माणसं सगळं मिसळून येतं. मग मॉडेल टाकून बघ. सिक्स-वन असेल तर 'लिस्टर सीएस', सहा हॉर्सपॉवर, ६५० आरपीएमवाला. आणि हो, 'लिस्टरॉइड' पण टाक, आपल्या राजकोटला त्याच्या कॉप्या लय बनल्या, त्यांना ते लोक असं म्हणतात आणि त्यांचे वेगळे अड्डे आहेत. मला पहिला चांगला ग्रुप सर्चमध्ये नाही, एकाच्या पोस्टखालच्या भांडणात सापडला, कोण तरी म्हणालं हे तिकडं विचार, मी पण तिकडं गेलो.

कळंबा_कट्टा: जॉइन करायच्या आधी अबाउट बघा. महिन्यात किती पोस्ट पडल्या ते तिथं दिसतं, मेंबर पन्नास हजार आणि पोस्ट दोन असेल तर मेलेला ग्रुप. नाव कधी बदललं तेपण दिसतं, एक ग्रुप आधी सेकंडहँड मोबाईलचा होता, पुढं 'व्हिंटेज' झालेला 🤦 प्रायव्हेट असेल तर प्रश्न विचारतात, त्याची उत्तरं द्या, मी कोरी सोडली आणि रिक्वेस्ट तशीच पडून राहिली. आणि लगेच इनबॉक्सला पार्ट आहे ॲडव्हान्स पाठवा म्हणणारा येतोय, माझे अठराशे गेलेत.

लेथवाला: बरोबर. आणि पहिल्याच पोस्टला 'हेल्प करा' एवढंच लिहू नको, इंजिनवरच्या नंबर प्लेटचा फोटो टाक, नुसत्या वर्णनाला कोण विचारत नाही. कॉम्प्रेशनचं म्हणशील तर आधी व्हॉल्व्ह अडकलेत का बघ, लय दिवस उभं राहिलं की अडकतात.

उसाचा_फड: एक्झॉस्टचाच अडकलेला, डिझेल सोडून ठेवलंय. ग्रुपपण मिळाला, तुमचाच शब्द चालला. पण प्लेट रॉकेलनं घासली तर खाली राजकोट निघालं. आजोबा चाळीस वर्षं गावाला विलायती म्हणून सांगत आलेत, आता त्यांना कसं सांगू?

लेथवाला: सांगू नको. प्लेट परत रंगव.