अक्कलदाढ नसेजवळ आहे: दर रविवारी येणारे सर्जन की थेट पुणे?

बार्शीची_लेक

आईचं वय ५८. उजवीकडची खालची अक्कलदाढ हाडात आडवी अडकली आहे. सहा महिन्यांत दोनदा हिरडी सुजून पू झाला, दोन्ही वेळा गोळ्यांनी उतरला. ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) दाढेची मुळं खालच्या जबड्याच्या हाडातून जाणाऱ्या नसेच्या नळीवर आल्यासारखी दिसतात, म्हणून इथल्या डेंटिस्टनी स्वतः काढायला नकार दिला. त्यांच्याकडे दर रविवारी सोलापूरहून सर्जन येतात, ते काढतील म्हणतात. घरच्यांचं म्हणणं, थेट पुण्याला न्या. आईला मधुमेह आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४. हृदयासाठी इकोस्प्रिन ७५ चालू आहे, रक्त पातळ करणारं दुसरं काही नाही.

सर्जन खरंच या कामातले आहेत हे कसं ओळखायचं? रविवारच्या सर्जनकडून करून घेण्यात धोका आहे का? आणि इकोस्प्रिन किती दिवस आधी बंद करायची?

दंतपंक्ती

शेवटचा प्रश्न आधी. इकोस्प्रिन स्वतःहून एकही दिवस बंद करू नका. ७५ ची एकटी गोळी चालू असताना दाढ काढता येते. रक्त थोडं जास्त वेळ झिरपतं, पण ते दाब, टाके आणि खड्ड्यात ठेवायच्या जिलेटिन स्पंजने थांबतं. गोळी बंद करून हृदयात गुठळी झाली तर ती कापूस दाबून थांबणार नाही. सर्जनना मात्र गोळी चालू असल्याचं आधी सांगा.

आता पदवी. पाटीवरच्या ‘डेंटल सर्जन’वर जाऊ नका, ते कुठलाही बीडीएस (दाताच्या डॉक्टरची मूळ पदवी असलेला) लिहितो. तुम्हाला हवी ती पदवी एमडीएस, विषय ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी, बीडीएसनंतर तीन वर्षांची. नावात ‘ओरल’ असलेले आणखी दोन एमडीएस असतात आणि लोक तिथेच फसतात: ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजीवाले निदान करतात, एक्स-रे वाचतात, ओरल पॅथॉलॉजीवाले बायोप्सीचा तुकडा तपासतात. इम्प्लांटची फेलोशिप म्हणजेही एमडीएस नव्हे.

नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे तो पडताळता येतो. आणि औषधांच्या चिठ्ठीवर सर्जनचं स्वतःचं नाव व क्रमांक असू द्या. नुसता क्लिनिकचा शिक्का असेल तर दाढ कोणी काढली हे पुढे कागदावर कुठेच उरत नाही.

टाका_नंबर_३

बाहेरून सर्जन येणं ही तालुक्याच्या गावातली नेहमीची पद्धत आहे, त्यात गैर काही नाही. असे सर्जन आठवडाभर याच दाढा काढत असतात. खरी अडचण मंगळवार-बुधवारची. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. ड्राय सॉकेट झालं, म्हणजे खड्ड्यातली गुठळी निघून हाड उघडं पडलं, तर तिसऱ्या ते पाचव्या दिवसात कानापर्यंत ठणका लागतो. तेव्हा सर्जन सोलापुरात असतात. म्हणून आधीच विचारा: मधल्या दिवसांत खड्डा धुऊन औषधाची पट्टी कोण भरणार? रात्री रक्त आलं तर फोन कोणाला करायचा? टाके पुढच्या रविवारी तेच काढणार का? तुमचे डेंटिस्ट हे सांभाळायला स्पष्ट ‘हो’ म्हणत असतील तर माझं मत बार्शीच. पुण्यात काढून सुजलेल्या तोंडाने परत यायचं आणि पट्टीसाठी पुन्हा पुणं गाठायचं, हे त्यांच्या वयाला जड जाईल.

या पद्धतीत दुसरी एक खोट असते. कित्येकदा सर्जन एक्स-रे पहिल्यांदा पाहतात ते रुग्ण खुर्चीत बसल्यावर. तुमच्या केसमध्ये ते चालणार नाही. एका रविवारी फक्त तपासणी, दाढ त्यानंतरच्या रविवारी, असं ठरवून घ्या.

मधल्या आठवड्यात सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करा. ओपीजी सपाट चित्र असतं. मुळं नळीच्या गालाकडच्या बाजूला आहेत, जिभेकडच्या की तिला बिलगून, हे त्यात कळत नाही. ओपीजीत नळीची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली, मुळावर काळसर पट्टा किंवा नळीला अचानक वळण दिसत असेल तर सीबीसीटी टाळू नये. फक्त उजव्या खालच्या भागाचा काढा, अख्ख्या जबड्याचा नको. नुसती छापील फिल्म घेऊन येऊ नका, सीडी किंवा पेनड्राइव्हवर डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) मागा. सर्जनना एकेक काप सरकवून बघायचा असतो.

बार्शीची_लेक

धन्यवाद. मुळं नळीला चिकटलेलीच निघाली तर? आणि ८.४ साखरेवर करतात का?

हनुवटी

चिकटलेली निघाली तर कोरोनेक्टॉमीबद्दल विचारा. दाढेचा वरचा भाग कापून काढतात, मुळं हाडाच्या कडेखाली साधारण ३ मिमी राहतील अशी घासतात आणि वरून हिरडी शिवतात. नसेला हात लागत नाही. पण कापताना मुळं सैल झाली, किंवा मुळाशी पू असला, तर ती आत ठेवता येत नाहीत. काहींची मुळं पुढे वर सरकतात आणि पुन्हा काढावी लागतात. तोवर ती नसेपासून लांब आलेली असतात. मधुमेह ताब्यात नसेल तर मुळं मागे ठेवायला सर्जन कचरतात, कारण जखम चिघळायची भीती.

नस दुखावली तर त्या बाजूचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. ओठ वाकडा होत नाही, ही भीती आईच्या मनातून आधी काढा. बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत-महिन्यांत जातो, थोड्यांचा राहतो. संमतीपत्रावर हे मराठीत लिहिलेलं असावं.

सध्या पू नसेल तर घाई नाही. बरेच सर्जन एचबीए१सी ८ च्या खाली आल्यावर हात घालतात. फिजिशियनकडून मधुमेहाच्या गोळ्या बघून घ्या. त्या दिवशी सकाळची पहिली वेळ मागा. भूल फक्त जागेवरची असेल तर नाश्ता करून, नेहमीची गोळी घेऊनच न्या. गोळी घेऊन उपाशी बसवलं की खुर्चीतच साखर उतरते आणि घाम फुटतो. खर्च अडत असेल तर सोलापुरात केगावच्या डेंटल कॉलेजात ओरल सर्जरी विभाग आहे. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी काढतात, ‘सर शेजारी असतील ना’ एवढं विचारून घ्या.

एका गोष्टीत मात्र रविवारची वाट पाहू नका. हनुवटीखाली लाकडासारखी टणक सूज, जीभ वर ढकलली गेल्यासारखी, लाळ गिळता येईना, आवाज बदलला, ताप: यातलं काही दिसलं तर दाताचा दवाखाना नव्हे, आयसीयू असलेलं रुग्णालय. अशी सूज काही तासांत श्वासनलिका दाबते.