मदत हवी आहे: नाटकाच्या फोटोंसाठी निकॉन झेड ५०-२ की थेट झेड ८?

तिसरी_घंटा

नमस्कार. कॅमेऱ्यातल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पुण्यात दोन-तीन हौशी नाट्यसंस्थांसाठी मी प्रयोगांचे फोटो काढते. बहुतेक एकांकिका, कधी दीर्घांक. मानधन म्हणजे पाकिटात जे निघेल ते, त्यामुळे हा पोटापाण्याचा व्यवसाय नाही. पण नुसती हौसही राहिलेली नाही. पोस्टरं, स्पर्धेच्या पुस्तिका, वर्तमानपत्रातल्या बातम्या, सगळीकडे हेच फोटो जातात.

सध्या डी५३०० आहे, म्हणजे २०१३ सालचं मॉडेल. सोबत ५० एमएम एफ/१.८ जी आणि १८-१४० या लेन्स. फोटो वाईट येत नाहीत, त्रास आवाजाचा आहे. सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत नटाने पॉज घेतला की तोच क्षण टिपायचा असतो, आणि नेमका तेव्हाच कॅमेऱ्यातल्या आरशाचा खटॅक शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. क्वाएट मोड लावला तरी फार फरक पडत नाही.

म्हणून मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा, घ्यायचा ठरवलंय आणि दोन टोकांत अडकलेय. झेड ५०-२ लाखाच्या आत येतो, ५५० ग्रॅमचा आहे, लेन्सला पैसे उरतात. झेड ८ ची नुसती बॉडीच त्याच्या तिप्पट-चौपट. वजन ९१० ग्रॅम, ४५.७ मेगापिक्सेल, आणि मेकॅनिकल शटरच (हलणारा पडदा) नसल्यामुळे आवाजाचा प्रश्नच नाही. दुकानदार म्हणतो, "मॅडम, एकदाच काय ते घ्या, दहा वर्षं बघायला नको." हप्ते बसतील, ओढाताण होईल, पण जमेल.

मला कळत नाही ते एवढंच: सायलेंट मोड झेड ५०-२ मध्येही आहे. मग वरचे दोन-सव्वादोन लाख नेमके कशाचे?

खडूस_काका

दुकानदाराच्या दहा वर्षांवर जाऊ नका. त्याला बॉडी खपवायची आहे.

अंधारात फोटो काढणाऱ्याने आधी लेन्सचं गणित करावं. झेड ५०-२ सोबत मिळणारी ५०-२५० लेन्स लांबच्या टोकाला एफ/६.३ होते (हा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). एफ/१.८ च्या लेन्समधून तिच्या बारापट प्रकाश आत येतो. म्हणजे तुमच्या ५० एमएमला जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० वर भागतं, तिथे या किट लेन्सला तेवढ्याच शटर स्पीडला साडेएकोणीस हजार लागेल. स्टॉपमध्ये (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) सांगायचं तर साडेतीनाच्या वर. आणि एपीएस-सी (झेड ५०-२ चा छोटा सेन्सर) सोडून फुल फ्रेम (झेड ८ चा मोठा) घेतल्याने मिळतो साधारण एक-सव्वा स्टॉप. आता सांगा, पैसे कुठे घालाल?

मेगापिक्सेलचं तर नावच काढू नका. झेड ५०-२ चा फोटो ५५६८ बाय ३७१२ असतो. ३०० डीपीआयने छापला तरी साडेअठरा इंच रुंद होतो. फ्लेक्स लांबूनच बघतात, त्याला यापेक्षा कमीही चालतं.

डिमर_बोर्ड

काकांचं लेन्सचं म्हणणं मान्य, पण ताईंचा मूळ प्रश्न आवाजाचा आहे आणि त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. मी प्रकाशयोजना करतो, त्यामुळे आमच्याच बाजूने सांगतो.

सायलेंट मोड म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. सेन्सर एका क्षणात वाचला जात नाही, वरून खाली ओळीने वाचला जातो. स्वस्त कॅमेऱ्यात या वाचनाला जास्त वेळ लागतो. 'एलईडी पार' नावाचा रंगमंचावरचा दिवा डिम केला की तो खरा मंद होत नाही, तो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद होतो. डोळ्याला कळत नाही, सेन्सरला कळतं: काही ओळी दिवा चालू असताना वाचल्या जातात, काही बंद असताना. फोटोवर आडवे पट्टे उमटतात. नटाच्या चेहऱ्यावर निळा वॉश (पसरलेला रंगीत प्रकाश) असेल तर अर्धा चेहरा निळा, अर्धा काळपट.

जुन्या हॅलोजनला, म्हणजे पार ६४ किंवा फ्रेनेलला, हा त्रास जवळजवळ नसतो. तार तापलेली असते, ती एवढ्या पटकन थंड होत नाही. म्हणून पहिला प्रश्न: तुम्ही जिथे फोटो काढता तिथे लाइट कोणते असतात?

झेड ८ चा सेन्सर स्टॅक्ड, म्हणजे झटपट वाचला जाणाऱ्या थरांच्या रचनेचा आहे, सगळा चार मिलिसेकंदांच्या आसपास वाचून होतो. वरचे दोन लाख मुख्यतः त्याचे. पण झेड ८ घेतला म्हणजे पट्टे कायमचे गेले असंही समजू नका. पट्ट्यांच्या बाबतीत तो साधारण मेकॅनिकल शटरच्या बरोबरीला येतो, तेही गुपचूप. शिवाय त्यात शटर स्पीड अपूर्णांकात हलवून दिव्याच्या वेगाशी जुळवायची सोय आहे, ती फार कामाची.

तिसरी_घंटा

@डिमर_बोर्ड, हेच कोणी सांगत नव्हतं! लाइट मिश्र असतात. मोठ्या नाट्यगृहांत हॅलोजन बरेच, छोट्या जागी एलईडी वाढलेत. आणि हल्ली मागे एलईडी वॉल लावायची टूम निघालीय ती वेगळीच.

@खडूस_काका, किट लेन्सवर काम करायचा विचार नव्हताच. पण गणित वाचून गार पडले.

लग्नसराई

मी लग्नांची कामं करतो, म्हणून वेगळी बाजू मांडतो. प्रोफेशनल बॉडीचे पैसे फोटोच्या दर्जाला नसतात, भरवशाला असतात. झेड ५०-२ मध्ये एकच कार्ड जातं. झेड ८ मध्ये दोन, एक सीएफएक्स्प्रेस आणि एक एसडी, दोन्हीवर एकदम फोटो जातात. लग्न पुन्हा लागत नाही, त्यामुळे एका कार्डाच्या कॅमेऱ्यावर मी कधीच काम घेणार नाही. बॅटरीही झेड ५०-२ ची छोटी, दोन जास्तीच्या धरूनच हिशोब करा.

पैसे घेऊन काम करता ना? मग भरवसा विकत घ्यावा लागतो.

खडूस_काका

लग्न पुन्हा लागत नाही, नाटकाचा पुढचा प्रयोग लागतो.

लग्नसराई

काका, स्पर्धेतल्या एकांकिकेचा लागेलच असं नाही. असो. मधला रस्ता आहे: झेड ५-२. फुल फ्रेम, दोन एसडी कार्डं, बॉडीतच स्टॅबिलायझेशन. दीड लाखाच्या आसपास. प्रोसेसर झेड ८ चाच, एक्स्पीड ७.

डिमर_बोर्ड

झेड ५-२ कॅमेरा उत्तम, पण त्याचा सेन्सर स्टॅक्ड नाही. एलईडीखाली सायलेंट मोडमध्ये तोही पट्टे देणार. ताईंच्या मूळ अडचणीला त्याचा उपयोग नाही. आणि स्टॅबिलायझेशनने तुमचा हात स्थिर होतो, नट नाही.

माझं मत विचाराल तर रंगीत तालीम गाठा. तिथे शटरचा आवाज कोणाला खुपत नाही, हवं तिथे उभं राहता येतं, अगदी विंगेतूनही. पोस्टरचे आणि बातमीचे फोटो तिथेच मेकॅनिकल शटरवर काढून घ्या. प्रयोगात फक्त चार-सहा हवेतच असे क्षण, तेव्हा सायलेंट लावा आणि शटर १/१०० वर ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मेन्सवर चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० मध्ये एक पूर्ण फेरा बसतो आणि ते पट्टे जातात. डिम केलेल्या एलईडीला ही हमी नाही, पण १/५०० पेक्षा १/१०० ला पट्टे खूपच फिके पडतात. पॉजमध्ये नट हलत नसतो, १/१०० पुरतं.

प्रयोगाआधी तपासायचं असेल तर मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/१००० करून लाइटकडे धरा. स्क्रीनवर पट्टे पळताना दिसले की समजा. आणि प्रकाशयोजनाकाराला विचारा ना सरळ! काही एलईडी फिक्श्चरमध्ये लुकलुकण्याचा वेग वाढवायची सेटिंग असते. गोड बोललात तर आम्ही बदलून देतो.

विंगेतली_मांजर

फक्त वाचत होते, एक प्रेक्षक म्हणून सांगते. आवाजापेक्षा मला तुमच्या मागच्या स्क्रीनचा उजेड जास्त खुपतो. काळोखात समोरच्या रांगेत तो निळा चौकोन पेटला की ब्लॅकआउटची वाट लागते. मिररलेस कोणताही घ्या, स्क्रीन बंद ठेवून फक्त व्ह्यूफाइंडरमधून बघायची सेटिंग लावा. फोकसला मदत करणारा पुढचा छोटा दिवाही बंद करा. कृपया.

डिमर_बोर्ड

+१. हजार वेळा +१.

तिसरी_घंटा

@विंगेतली_मांजर, स्क्रीन मी आत्ताही आत वळवून ठेवते, पण दिव्याचं लक्षातच आलं नव्हतं. आज रात्रीच बंद करते.

सगळ्यांचं वाचून असं ठरवतेय. झेड ८ आत्ता नाही. तो एका प्रयोगापुरता भाड्याने घेऊन एलईडी वॉलसमोर बघते. फरक खरंच तेवढा असेल, तर तसं मोठं काम असेल तेव्हा भाड्यानेच घेईन, संस्थेकडून भाडं वसूल करून. स्वतःचा घ्यायचा तो झेड ५०-२, आणि संस्थांना रंगीत तालमीची वेळ आधी कळवायला सांगितलंय. @लग्नसराई, दोन कार्डांचं म्हणणं पटतं. स्पर्धेच्या दिवशी डी५३०० पण बॅगेत ठेवेन, मध्यंतरात कार्ड बदलेन. तेवढा भरवसा मला परवडतो.

शेवटचा प्रश्न लेन्सचा. ८५ एमएम एफ/१.८ हवी, म्हणजे या सेन्सरवर साधारण १२७ एमएमसारखी चालेल, सातव्या-आठव्या रांगेतून चेहरे मिळतील. झेडची नवी घेऊ, की एफटीझेड-२ अडॅप्टर (झेड कॅमेऱ्यावर जुन्या निकॉन लेन्स बसवायचा) घेऊन जुनी सेकंडहँड? ओळखीत एक ८५ एमएम एफ/१.८ डी स्वस्तात मिळतेय.

खडूस_काका

'डी' घेऊ नका. तिच्यात मोटर नसते आणि एफटीझेड-२ मध्येही नाही, ऑटोफोकस चालणार नाही, अंधारात हाताने फिरवत बसाल. तुमच्या ५० सारखी एएफ-एस 'जी' बघा, अडॅप्टरवर व्यवस्थित फोकस करते. ५० पण त्याच अडॅप्टरवर चालेल, म्हणजे एका अडॅप्टरमध्ये दोन लेन्सचं काम झालं. घेण्याआधी पुढच्या आणि मागच्या काचेतून टॉर्च मारून बुरशी बघा, पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या लेन्समध्ये हमखास सापडते.