बंडखोर मुलं, हतबल आईबाप : जुने सिनेमे आणि आपली घरं (अनुभव धागा)

‘रिबेल विदाउट अ कॉज’ हा अमेरिकन सिनेमा १९५५च्या ऑक्टोबरात लागला, तेव्हा त्याचा नायक जेम्स डीनला अपघातात जाऊन महिनाही झाला नव्हता. लाल जॅकेट आणि कड्याकडे सुसाट सोडलेल्या गाड्या सगळ्यांना आठवतात. मला त्यातला बाप छळतो. पोरगा, म्हणजे डीनचा जिम, विचारतो, पुरुषासारखं उभं राहायची वेळ आली तर काय करायचं? बाप म्हणतो, फायद्यातोट्याची यादी करू. पोराला यादी नको असते, बापाचं मत हवं असतं. नाशिक आणि आसपासच्या मंडळींनो, असा एखादा जुना सिनेमा तुमच्या घरात शिरलाय का? कथानक थोडं, घर जास्त सांगा.

नाशिकरोड : आमच्याकडे ‘शक्ती’ (१९८२). पोराला पळवणाऱ्यांना पोलीस बाप फोनवर सांगतो, मारून टाका, पण मी कर्तव्य सोडणार नाही. आणि ते पोरगं ऐकतं. पुढचं सगळं वैर त्या फोनमधून येतं. मी दहावीत होतो. वडिलांशी अबोला, निरोप आईमार्फत. मी अमिताभच्या बाजूचा, ते दिलीपकुमारच्या. जेवताना त्यावरून कडाक्याचं वाजलं. पण कितीतरी दिवसांनी ते थेट माझ्याशी बोलत होते! शेवटी म्हणाले, त्या बापाने नंतर तरी पोराला जवळ घेऊन सांगायला हवं होतं. वडील असं काही बोलतील असं वाटलंच नव्हतं.

देवळाली कॅम्प : माझे वडील आखातात नोकरीला. ‘रिबेल’मधल्या जिमच्या मित्राला, प्लेटोला, बापाकडून फक्त खर्चाचा चेक येतो. त्या प्रसंगाला मी टीव्ही बंद केला होता.

पिंपळगाव बसवंतजवळून : सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’ (१९५६) बंडाचा सिनेमा नाही असं म्हणतात. मला पटत नाही. कोलकात्याला शिकायला जातो म्हटल्यावर आई सर्वजया अपूला थप्पड मारते, मग साठवलेले पैसे काढून देते. सुट्टीत आलेला अपू झोपून जातो आणि ती आपल्या दुखण्याचं बोलत राहते. आमच्यात दार आपटून बंड होत नाही, दिवाळीला कमी दिवस राहून होतं. ऐन ऑक्टोबर छाटणीत द्राक्षबाग कोण बघणार, हे वडील विचारत नाहीत. आई डब्यात लाडू भरताना विचारते.

कॉलेज रोड : शाळेत समुपदेशक आहे. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोच्या ‘द ४०० ब्लोज’मध्ये (१९५९) अँत्वान या पोराची मुलाखत आहे. प्रश्न विचारणारी बाई दिसतच नाही, कॅमेरा फक्त पोरावर. अँत्वान झालेल्या ज्यां-पिएर लेओची उत्तरं बरीचशी उत्स्फूर्त आहेत. एवढाच तुकडा मी पालकांना दाखवते. सल्ला नाही, दटावणी नाही, कोणीतरी विचारतंय म्हणून पोरगं बोलतंय. बघताना एका वडिलांनी हळूच विचारलं होतं, “आम्ही असं कधी विचारायचं? कामावरून येतो तेव्हा तो झोपलेला असतो.”

सिडको : ‘रिबेल’मधल्या मुलीबद्दल, ज्युडीबद्दल, कोणी लिहिलंच नाही. ती वडिलांच्या गालावर ओठ टेकवते आणि थोबाडीत खाते, कारण आता ती मोठी झाली. मला पाळी आली आणि वडिलांच्या स्कूटरवर मागे बसणं बंद झालं. नियम कोणी सांगितला नाही, बाबा नुसते एकटेच निघायला लागले. बंड म्हणून मी केस कापले, उलट बोलले. सगळ्यांना तेवढंच दिसलं. आणि जिमच्या बापाला सुटावर एप्रन बांधून दुबळा ठरवणं ही त्या काळच्या अमेरिकेची समजूत. माझा नवरा रोज पोळ्या लाटतो, आणि लेकीला क्लासला सोडायला स्कूटरही तोच काढतो. ती आता अकरावीत आहे.